लंडनला न जाता आमच्या गावी आलेलं प्रदर्शन

लहानपणी सांगलीत नाटकाचा दौरा आला की बाबा सकाळीच तिकिटांच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. २०२२ च्या जानेवारीत ‘ब्रिटिश आर्ट शो’ इंग्लंडमधल्या आमच्या वुल्व्हरहॅम्प्टनला आला तेव्हा मला ती रांग आठवली. इथे तिकीटही नव्हतं, प्रवेश सगळ्यांना मोफत.

आजच्या ब्रिटिश कलेचं हे फिरतं प्रदर्शन १९७९ पासून साधारण दर पाच वर्षांनी निघतं. भरवणारी हेवर्ड गॅलरी लंडनची, पण या नवव्या खेपेच्या दौऱ्यात लंडन नव्हतंच. अ‍ॅबर्डीन, वुल्व्हरहॅम्प्टन, मँचेस्टर आणि प्लिमथ, बस्स. आमच्यासारख्या गावात राहणाऱ्याला आजची कला बघायला लंडनची गाडी पकडावी लागू नये, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नाटकाच्या दौऱ्यात तोच प्रयोग पुढच्या गावी होतो. इथे मात्र ४७ कलाकारांमधून प्रत्येक शहरासाठी वेगळी निवड होती. हम्माद नासर आणि इरेने अरिस्तिसाबाल या संयोजकांनी आमच्या शहरासाठी दुखरी नस धरली. इनॉक पॉवेल १९५० ते १९७४ इथला खासदार होता. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्याने स्थलांतरितांविरुद्ध केलेलं भाषण ‘रक्ताच्या नद्या’ म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. आणि १९८१ मध्ये तरुण कृष्णवर्णीय कलाकारांनी आपलं प्रदर्शन मांडलं, तेही इथल्याच आर्ट गॅलरीत!

आम्हाला गॅलरीपर्यंत नेणाऱ्या बसचे ड्रायव्हर सरदारजी होते. १९६७ मध्ये इथलेच बसड्रायव्हर तरसेमसिंग संधू दाढी-पगडीसह बसच्या ड्यूटीवर आले, तर त्यांना घरी पाठवलं होतं. पगडीवरची बंदी उठायला १९६९ उजाडलं. लेकीला हे बसमध्येच सांगितलं. ती उतरेपर्यंत आमच्या ड्रायव्हरांच्या पगडीकडे बघत होती.

प्रदर्शनातल्या कलाकारांमध्ये हरदीप पंढाल हे नाव होतं. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला पंजाबी मुलगा. त्याची आई पंजाबी बोलणारी, तो इंग्रजी. धड दोघांची अशी एक भाषा नाही. म्हणून त्याने आईकडून स्वेटर विणून घेतले आणि त्या विणकामालाच आपल्या कलेत जागा दिली. हे वाचलं आणि मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. माझी लेक आठ वर्षांची. आजीशी व्हिडिओ कॉलवर ‘कशी आहेस?’, ‘जेवलीस का?’ एवढं झालं की पुढचं मराठी संपतं, आणि मग दोघी नुसत्या हसत बसतात.

त्या रात्री आईला फोन लावला. म्हटलं, हिला क्रोशा शिकवशील का, व्हिडिओवर?

आईने एवढंच विचारलं, “तिथे सुती दोरा मिळतो ना? लोकर नको घेऊस, पहिल्यांदा हातात सरकत नाही.”