तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं सर्टिफिकेट करू?

“सर, हेल्पडेस्कवर तेच पासवर्ड रिसेट अन् तेच प्रिंटर करायलोय. पुढं जायला कोणतं सर्टिफिकेट करू, सांगा की.” हा प्रश्न मला वाळूजच्या कारखान्यांतली पोरं विचारतात, लातुरात बँकेच्या शाखा सांभाळणारे विचारतात. नांदेड-परभणीहून पुण्याला गेलेले तर रात्री विचारतात, त्यांची शिफ्ट तेव्हाच सुरू होते.

माझं उत्तर फारसं कुणाला आवडत नाही, कारण मी परीक्षेचं नावच घेत नाही. मी विचारतो, गेल्या तीन महिन्यांत कोणती तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, तुम्ही वरच्या टीमकडं पाठवली? एल-वनचा, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीचा माणूस जे एल-टूकडं, म्हणजे वरच्या पायरीकडं ढकलतो, त्यातच त्याची पुढची नोकरी असते. ती तिकिटं एका वहीत उतरवा आणि कोणत्या विषयाची जास्त आहेत ते बघा. परीक्षा त्यातून ठरते, क्लासच्या बोर्डावरून नाही.

एक तिकीट सांगतो. डिस्पॅचच्या लॅपटॉपला नेट येईना. पोरानं मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दाखवणारी आयपीकॉन्फिग कमांड मारली, तर पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा. म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरनं पत्ता दिलाच नाही, विंडोजनं स्वतःच एक घेऊन टाकला. पोरानं हातानं आयपी भरला, नेट चाललं, तिकीट बंद, साहेब खूश. दुसऱ्या दिवशी अकाउंट्समध्ये दोन मशीनची एकाच आयपीवरून मारामारी. पुन्हा तिकीट, पुन्हा हातानं आयपी.

खरी गोष्ट वेगळीच होती. सगळ्या शिफ्टचे मोबाईल ऑफिसच्याच वायफायवर, आणि त्या नेटवर्कात वापरता येण्यासारखे पत्ते २५४. विंडोज सर्व्हरवर लीजची, म्हणजे एकदा दिलेला पत्ता राखून ठेवायची मूळ मुदत ८ दिवसांची असते, ती कुणी बदललेलीच नव्हती. कामगार घरी गेला तरी त्याच्या फोनच्या नावावर पत्ता अडकूनच. पत्त्यांचा साठा संपला की नव्या मशीनला काय मिळणार? मोबाईलना वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच जाळ्यात स्वतंत्र कप्पा दिला, तिथली लीज काही तासांवर आणली, तिकिटं थांबली. ज्याच्या वहीत असली तिकिटं जास्त, त्यानं डोळे झाकून सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सीसीएनए करावं. सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं), व्हीलॅन, डीएचसीपी सगळं त्या २००-३०१ क्रमांकाच्या परीक्षेत आहे, आणि सरावाला पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

वहीत लॅपटॉप कंपनीच्या यंत्रणेत एनरोल होत नाही, कंपनीची पॉलिसी त्याला लागत नाही, आउटलूक सारखं पासवर्ड मागतंय असलं जास्त असेल तर मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२ बघा, ती ऑफिसची मशीनं सांभाळण्याची परीक्षा. सर्व्हर क्लाउडवर चाललेत आणि तुम्हाला तिकडं हात घालायचाय, तर त्यांच्याच अझ्युर क्लाउडची एझेड-१०४. मात्र अजूनही मायक्रोसॉफ्टचं जुनं ‘एमसीएसई’ शिकवतो म्हणून पैसे घेणारा कुणी भेटला तर चहा पिऊन निघून या. मायक्रोसॉफ्टनं ते सर्टिफिकेट जानेवारी २०२१ मध्येच बंद केलंय.

लिनक्सवाल्यांसाठी रेड हॅटचं आरएचसीएसए. आपल्याकडं लातूर पॅटर्ननं पेपरमागून पेपर सोडवायची सवय लावलेली, ती इथं अर्धीच कामाला येते. या परीक्षेत पर्यायच नसतात. समोर मशीन असतं, रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा पासवर्ड रिसेट करा, डिस्कचं व्हॉल्यूम वाढवा, युजरला परवानग्या द्या, असली कामं प्रत्यक्ष करायची. मशीन रीबूट झाल्यावर तुम्ही केलेलं टिकलं तरच मार्क. माझ्या मते सपोर्टच्या माणसाला याहून प्रामाणिक परीक्षा नाही.

कॉम्प्टिया या संस्थेचं ए-प्लस? अजून नोकरी लागलेली नाही, बीए-बीकॉम करून या लाईनीत यायचंय, तर पाया म्हणून चांगलं. दोन वेगवेगळे पेपर आहेत, दोन्हींची फी वेगळी, आणि दोन्ही पास व्हावे लागतात. दोन-तीन वर्षं हेल्पडेस्कवर काढलेल्या माणसानं त्यावर पैसे घालू नयेत; त्यातलं बरंचसं तुम्ही रोजच करता. आयटी सेवा कशी चालवायची ते शिकवणाऱ्या आयटीआयएल फाउंडेशनचं उलटं. त्यानं तांत्रिक असं काही येत नाही, पण मोठ्या आयटी कंपनीत टीम लीड व्हायचं असेल तर इन्सिडंट (आत्ता अडलेलं काम) आणि प्रॉब्लेम (त्यामागचं मूळ कारण) यातला फरक धड सांगता यायला हवा. ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास.

पैशाचं बोलू. सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर. हेल्पडेस्कच्या पगारात हा आकडा जीवावर येतो, म्हणून आधी एचआरला विचारा. पास झाल्यावर फी परत देणाऱ्या कंपन्या आहेत. बदल्यात बॉण्ड लिहून घेतात का, तेवढं बघून सही करा. सीसीएनए आणि ए-प्लस ३ वर्षं चालतात. एमडी-१०२ आणि एझेड-१०४ एकच वर्ष, पण रिन्यूअल ऑनलाइन आणि फुकट. मुदत संपायच्या आधी ६ महिने ते खुलं होतं, तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आणि डम्प्स, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून पास होणारे इंटरव्ह्यूला माझ्यासमोर बसतात तेव्हा मी वरचंच १६९.२५४ विचारतो. बरेच जण तिथंच गप्प होतात.

“सर, मराठी मीडियम आहे, इंग्रजी पेपर जमंल का?” हे शेवटी, हळू आवाजात विचारलं जातं. जमतं. या पेपरांतलं इंग्रजी साहित्यातलं नसतं, तेच तेच शब्द फिरून येतात. आजपासून तिकिटाच्या नोट्स इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत लिहा, कॉपी-पेस्ट नको. शिवाय सवलत आहे, ती कुणी सांगत नाही. आपल्या भाषेत परीक्षा नसेल तर मायक्रोसॉफ्टकडं ३० मिनिटं जास्त मागता येतात, पण अर्ज तारीख बुक करण्याआधी करायचा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना आयटीआयएलमध्येही ६० ऐवजी ७५ मिनिटं मिळतात.

आणि परीक्षा घरून देता येते म्हणून गावाकडं देऊ नका. खोलीत दुसरं माणूस यायला नको, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, असले नियम असतात. त्यात मधेच लाईट गेली किंवा आजी चहा घेऊन आली, तर तुमचं म्हणणं पटवून देण्यात दिवस जातील. बसनं शहर गाठा, सेंटरवर द्या.