तुम्ही विचारलंत म्हणून: टू चं 'टूथ' का नाही?

घरी इंग्रजीचे क्लास घेते त्यामुळे दरवर्षी एक तरी पोरगं विचारतंच, मॅडम फोर चं फोर्थ, सिक्स चं सिक्स्थ, मग टू चं टूथ का नाही, सेकंड कुठून आला? (टूथवर वर्ग पाच मिनिटं हसतो ते वेगळं.)

तर सेकंड इंग्रजांचा नाहीच, उसना आहे. जुन्या इंग्रजीत दुसऱ्याला 'अदर' च म्हणायचे. १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यात साधारण तेराव्या शतकाच्या शेवटाला सेकंड आला. मूळ लॅटिन 'सेकुंडुस', म्हणजे मागोमाग येणारा. सीक्वेन्स, सीक्वेल त्याच घरातले, आणि गंमत म्हणजे आपला सचिव पण, कारण संस्कृत 'सच्' म्हणजे सोबत असणं! आता साहेबांच्या मागे फाईल घेऊन चालणारा माणूस आठवा.

उसना का घ्यावा लागला हे मला एका वहीमुळे नीट कळलं. 'मला दुसरं पेन दे' चं भाषांतर एकाने 'गिव्ह मी सेकंड पेन' केलं होतं, मी सवयीने लाल फुली मारली, हवं होतं 'अनदर पेन'. नंतर वाटलं, पोराचं काय चुकलं? आपलं 'दुसरं' दोन्ही कामं करतं, नंबर दोनचं पण आणि वेगळ्याचं पण. जुन्या इंग्रजांचा अदर अगदी हेच करायचा, सेकंड आल्यावर कामाची वाटणी झाली. 'एव्हरी अदर डे' म्हणजे एक दिवसाआड, त्यात अदरचा तो जुना 'नंबर दोन' वाला अर्थ अजून चिकटून बसलाय. आणि क्रिकेटमधला पाकिस्तानी ऑफस्पिनर सकलेन मुश्ताकचा 'दुसरा' घ्या, तो काही ओव्हरचा दोन नंबरचा बॉल नव्हे, तो नेहमीच्या ऑफस्पिनपेक्षा 'वेगळा' बॉल!

फर्स्टचा पण वन शी संबंध नाही हां, त्याचा अर्थ 'सगळ्यात पुढचा'.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, मग घड्याळातला सेकंद? तोही हाच. तासाचे ६० भाग केले ती लॅटिनमध्ये 'पहिली बारीक वाटणी', त्यातल्या 'बारीक' या अर्थाच्या 'मिनुटा' वरून मिनिट. त्या मिनिटाचे परत ६० केले ती 'दुसरी बारीक वाटणी', तिथे बारीक गळलं आणि नुसतं दुसरी उरलं. पूर्वी सेकंदाचेही ६० करून त्यांना 'तिसरे' म्हणायचे, ते कुणी वापरेना म्हणून गेले, नाहीतर दारातून आई ओरडली असती, चल लवकर, दोन थर्ड थांबते फक्त.