आमची वाटचाल: माळावरची बालवाडी

सोलापुरात बालवाडीच्या मुलांना झाडीत नेऊन शिकवायचं काम सुरू केलं, तेव्हा इथं जंगल आहे कुठं, असं सगळे विचारायचे. हिवर, बाभूळ, बोर, कडुनिंब आणि मधलं मोकळं माळरान, हेच आमचं जंगल. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघींनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. हे काम परदेशातून आणलेलं नाही, आपल्याच मातीतलं आहे.

आमचं कंबरडं मोडलं ते शहरातल्याच एका स्पर्धकामुळे. कार्यक्रम आमचा, पत्रकातली वाक्यंही आमची, दर मात्र निम्मा. तो कसा परवडतो, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. पाच मुलांमागे एक ताई लागते, तिथं वीस मुलांमागे एक ठेवायची आणि सकाळची झाडलोट सोडून द्यायची. आमच्याकडे मुलं पाठवणाऱ्या मोठ्या शाळा एका हंगामात तिकडे गेल्या. ताईंचे पगार थकले, सामान विकायची वेळ आली. दर सगळ्यांनी विचारला, झाडलोटीचं कुणीच विचारलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

झाडलोट म्हणजे मुलं येण्याआधी दोघांचं तासाभराचं काम. पायात बूट, हातात लांब काठी. पाचोळा काठीनेच उलटायचा. दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालचा विंचू किंवा फुरसं आपल्या अंगावर न येता पलीकडे निघतं. बाभळीची वाळकी काटकी एकही ठेवायची नाही, काटा चपलेच्या तळातून आरपार जातो. मग मान वर करून आग्यामोहोळ बघायचं. दिसलं तर त्या दिवशी जागा बदलायची. कण्हेर, रुई, धोतरा ही विषारी झाडं मुलांच्या जागेभोवतीच्या दोरीच्या बाहेर. रुईचा चीक डोळ्यात गेला तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं.

मुलं काठीची साल काढतात, त्या हत्यारांत आमचा सगळ्यात जास्त भरवसा बटाट्याच्या सोलाण्यावर. लाकूड ओल्या सुबाभळीचं, अंगठ्याएवढं जाड, हातभर लांब. वाळलेल्या बाभळीवर पातं घसरतं. मुलाने बसूनच काम करायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं आणि साल अंगापासून लांब काढायची. हातमोजा लाकूड धरलेल्या हातात. सोलाण्याचा हात उघडा, कारण मोज्यात पकड सुटते. पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पात्यावर मूल जोर लावतं आणि तिथंच कापतं.

त्या वाईट हंगामात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बालवाडीच्या ताई आमच्यासोबत राहिल्या. त्यांची बरीचशी मुलं यंत्रमाग कामगारांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. पुढच्या सत्राचे पैसे त्यांनी आगाऊ दिले आणि बसायला कारखान्यातल्या डागी चादरी आणून दिल्या. पावसाळा सरला की त्या चादरींत कुसळं रुततात, म्हणून चादरीखाली ताडपत्री हवीच.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मार्चपासून सकाळी सातला सुरू करून नऊला मुलं परत निघालीच पाहिजेत. पाऊस झाला की काळ्या रानात मुलं उतरवू नका. चिखल बुटाला चिकटून पाय जड होतात, मुलं पडतात. मुरमाड बाजू धरा.

गेलेल्या शाळांपैकी काही परत आल्या आहेत. त्यांना दर पूर्वीचाच लावला आहे, पण पाच मुलांमागे एक ताई ही अट आता लेखी असते.