वाटा

आज सकाळी मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. बघत उभा होतो, तर एक काका ओरडले, "बघतंस काय, हात लाव!" थोड्याच वेळात तळवे लाल झाले. जाळ्यात बांगडे, थोडी तारली. वाळूत वाटे पडले. आजारपणामुळे न आलेल्या एकाचाही वाटा निघाला आणि दोराला हात लावला म्हणून माझ्याही पिशवीत बांगडे पडले.

आणि आमची वाडी? होमस्टे आले, पैसा आला. तो हवाच होता, पोरं मुंबईला जायची थांबली. पण गणपतीला ज्या घरांतून पाट, समया, टोप न विचारता इकडून तिकडे जायचे, ती घरं आता एकमेकांचे रेट आणि स्टार बघतात. पर्यटक कमी आले की माणूस मंदीला नाही, स्वतःलाच दोष देतो. बोलणार कुणाशी? शेजारी तर स्पर्धक! ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

यंदाच्या गणपतीत मोठा टोप मागायला मी शेजारी जाणार आहे. घरात आहे, तरी जाणार.