पाणी आत घेणाऱ्या शब्दांची वही: 27 नोंदी झाल्या

मृगाच्या पहिल्या पावसाला धरलेली वही काल 27 शब्दांवर आली. शब्द वेचणाऱ्या मंडळींसाठी आतापर्यंत हाती लागलेलं मांडतो.

सुरुवात ‘शोषणे’पासून केली. संस्कृत ‘शुष्’ धातू, म्हणजे सुकणे. त्यामुळे ‘शोषण’ म्हणजे मुळात कोरडं करणं. आपलं ‘सुकणे’ही त्याच घरचं: शुष्क, प्राकृतात सुक्क, मग सुका. पाणी कुणी घेतलं याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही, ज्याचं गेलं त्याचा कोरडेपणा तो सांगतो. सावकाराच्या वागण्याला हाच शब्द का चिकटला, ते मला इथं उमगलं.

‘जिरणे’चं मूळ ‘जॄ’: झिजणे, जुनं होणे, पचणे. जीर्ण आणि अजीर्ण त्याचेच भाऊबंद. भाकर पोटात जिरते, तान्ह्या लेकराच्या अंगात तेल जिरतं, पाऊस रानात जिरतो. जे जिरतं ते अंगी लागतं. म्हणून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा मला फार नेमकी वाटते; तिथं ‘शोषवा’ घालून बघा, जीभच अडते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरचा मी, आमच्याकडं ही घोषणा नुसती भिंतीवर राहत नाही.

सगळ्यात जास्त दिवस ‘मुरणे’वर गेले. जिरणे आणि मुरणे एकच, असं मी वहीत लिहूनही टाकलं होतं. मग जूनमधल्या एका जोरदार सरीनंतर बांधावर उभा होतो. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. वरचं डबकं तासाभरात नाहीसं झालं. मी म्हणालो, “जिरलं की सगळं.” शेजारचे तात्या खाली बसले, बोटांनी माती उकरली. चार बोटं ओल, खाली कोरडं ढेकूळ. “वरवर जिरलंय रं, मुरलं न्हाई आजून. औत नको घालूस.” दोन दिवसांनी तिथंच उकरलं तर ओल वीतभर गेलेली. जिरणं म्हणजे वरून दिसेनासं होणं, मुरणं म्हणजे आतपर्यंत पोचून तिथं राहणं. लोणचं मुरतं, ते जिरत नाही. ‘पाणी कुठंतरी मुरतंय’ हा संशयही त्याच न दिसणाऱ्या खोलीचा. जुनी नोंद खोडली.

‘टिपणे’ लवकर झालं: शाई टिपायची, डोळे टिपायचे, पाखरानं दाणे टिपायचे. सगळीकडं थोडं थोडं, वरच्यावर उचलणं. पण टिपकागदाला माझे चुलत आजोबा ‘जाजिब’ म्हणत. 1948 च्या आधी, निजामाच्या राज्यात, ते उर्दू शाळेत शिकले होते. शब्द अरबी, मूळ अर्थ ओढून घेणारा. ‘जज्बा’ त्याच मुळाचा. आणि आमच्या रानातही ‘जमीन पाणी ओढते’ असंच म्हणतात! त्या दिवशी मला झोप लागेना.

27वी नोंद स्वयंपाकघरातली, ‘पिणे’. वांगं तेल पितं, डाळ पाणी पिते. काल सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, करायला मुरमुरे भिजत घातले आणि मी वही घेऊन बघत बसलो. बायको म्हणाली, “लई पिऊ देऊ नका, लगदा होईल. पिळा आता.” पिळले.