आमची वाटचाल : पाच लिटरचं पातेलं

आमच्या घरगुती चॉकलेटच्या धंद्यातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे जाड बुडाचं, पाच लिटरचं स्टीलचं पातेलं. 2009 साली मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो आणि ही गावभागातल्या आमच्या घरी चॉकलेट पुडिंग करून शेजारच्या चार घरांना द्यायची. पातेलं तिच्या माहेरचं. आता मोठी भांडी आली, तरी रोजचा पहिला घाणा त्यातच होतो. त्याचं बूड कुठे जास्त तापतं ते हिच्या हाताला माहीत आहे.

पुडिंगमध्ये अवघड काही नाही. अर्धा लिटर दूध, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे कोको पावडर, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ, 100 ग्रॅम डार्क चॉकलेट. कॉर्नफ्लोअर आणि कोको गार दुधात कालवायचे. गरम दुधात टाकले की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. रटरटायला लागल्यावर घड्याळ लावून आणखी एक मिनिट ढवळायचं, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. चॉकलेट घालायचं ते गॅस बंद केल्यावर. आणि चव बघितलेला चमचा परत पातेल्यात जाता कामा नये. लोकांना हे सोवळंओवळं वाटतं, पण लाळ स्टार्चला तोडते आणि घट्ट झालेलं पुडिंग थोड्या वेळात सैल पडतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी ही हेच सांगते.

सुरुवातीलाच चॉकलेटच्या वड्यांचा एक अख्खा घाणा माझ्यामुळे वाया गेला. चॉकलेटमधलं कोको बटर हा स्निग्ध पदार्थ, शेजारचा वास ओढून घेतो. मी अडतीवरून यायचो तो हळदीने माखलेला, आणि वड्या ठेवलेल्या कपाटालाच माझे शर्ट टांगलेले असायचे. वडी तोंडात टाकली की आधी हळद लागायची. त्या दिवसापासून मी अंगणातच हातपाय धुऊन, कपडे बदलून घरात यायला लागलो. घरी चॉकलेट करणाऱ्यांनी ते फ्रीजमध्ये लसणाच्या चटणीशेजारी उघडं ठेवू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पहिल्यापासून आम्ही एक हट्ट धरला, कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं चॉकलेट, वापरायचं नाही. या धंद्यातले लोक जाणतातच की कंपाउंड किती सोयीचं पडतं. टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवून-उतरवून घेण्याची, कटकट नाही, साच्यातून पटकन सुटतं, सांगलीच्या एप्रिल-मेमध्येही काउंटरवर उभं राहतं. खरं चॉकलेट 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं आणि म्हणूनच ते सांभाळायला जिवावर येतं. डार्क असेल तर 45 अंशांपर्यंत न्यायचं, 27 पर्यंत उतरवायचं, पुन्हा 31-32 वर आणायचं. त्यासाठी मिरजेहून संगमरवराची दोन फूट लांब फरशी आणली होती. तिच्यावर उलथण्याने चॉकलेट पसरत-गोळा करत हिची मनगटं भरून यायची. कोको पावडर कॅम्पकोची, म्हणजे सुपारी-कोको पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेची. त्यांचा कारखाना 1986 पासून पुत्तूरला आहे, आणि त्या भागात सुपारीच्या बागांतच कोकोची झाडं लावतात. आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं पीक आपल्या पातेल्यात यावं, याचं मला फार अप्रूप होतं.

2012 मध्ये अन्नसुरक्षेची नोंदणी केली, अडत सोडली, आणि पुढची सहा-सात वर्षं बरी गेली.

2019 च्या जुलैत एका मिठाईच्या दुकानाने राखीपौर्णिमेसाठी 600 खोक्यांची ऑर्डर दिली. एवढी मोठी ऑर्डर आम्ही कधी घेतली नव्हती. त्यांनी 25,000 रुपये आगाऊ दिले. खोकी आम्ही छापून घेतली, वर आमचं नाव आणि खाली ‘फक्त कोको बटरचं चॉकलेट’. झाकणावर राख्या चिकटवायच्या म्हणून दुकानदाराने ती रिकामीच आधी नेली. मी नेऊ दिली. ही नको म्हणत होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा वाढायला लागली. 2005 साली पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं होतं, त्या हिशेबाने आम्ही सामान ओट्यावर आणि माळ्यावर चढवलं. पण त्या वर्षीचा हिशेब वेगळा होता. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात; त्या वेळी पाण्याने 57 फूट ओलांडले. वीज गेली. आम्हाला बोटीतून बाहेर काढलं आणि आम्ही विश्रामबागला थोरल्या वहिनींकडे गेलो. फ्रीज, मिक्सर, वजनकाटा, दीडशे साचे, सगळं खाली राहिलं.

वहिनींकडे तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्याचं दुकान कोरडं होतं. “माल कधी?” माल पाण्यात आहे म्हटल्यावर, “मग पैसे कधी?” घरात पाणी किती चढलं, माणसं कुठे आहेत, हे त्याने विचारलं नाही. मला ते आजही विसरता येत नाही.

पाणी ओसरल्यावर घरात गेलो तर गुडघाभर गाळ. फ्रीज आडवा होऊन दाराला अडकलेला. माळ्यावरचं 42 किलो चॉकलेट भिजलं नव्हतं, पण दमट हवेने साखर वर येऊन पांढुरकी खरखरीत झाक आली होती. एरवी अशी झाक आली तर चॉकलेट नासलेलं नसतं, वितळवून पुडिंगला चालतं. ओळखीच्या एकाने तसा सल्लाही दिला. पण ते कित्येक दिवस पुराच्या पाण्यावर, त्या वासात राहिलेलं होतं. आम्ही सगळं खड्ड्यात पुरलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या एकाच वेळी.

राखी झाल्यावर दोन दिवसांनी मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. 2010 पासून दर गुरुवारी त्यांचे सहा कप पुडिंग ठरलेले. हातात आमचं खोकं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे तुमचं नाही. टाळूला चिकटतंय.”

मी एक वडी तोंडात टाकली. कंपाउंड. आम्ही गाळ उपसत असताना त्या दुकानदाराने दुसऱ्या कुणाकडून माल घेऊन आमच्या नावाच्या खोक्यांत भरला आणि विकला. मी दुकानात गेलो तेव्हा तो म्हणाला, “खोकी वाया घालवायची का?” आगाऊ रकमेचा तगादा त्यानंतरही चालूच होता. पूर, जप्ती, कर्ज यांतून माणूस उभा राहतो, पण आपल्या नावाखाली दुसऱ्याचा माल शंभर घरांत गेला हे कुणाकुणाला जाऊन सांगायचं? वर्षभर लोक विचारत होते, “तुम्ही पण कंपाउंडवर आलात का?”

तेव्हा धंदा बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. अडतीवर परत येऊ का म्हणून मी विचारूनही आलो होतो. बाईंनी 5,000 रुपये हिच्या हातावर ठेवले आणि चतुर्थीला 11 डझन चॉकलेट मोदक सांगितले, त्यांच्या जुन्या शाळेसाठी. गणपती 2 सप्टेंबरला बसणार होते. मोदक वहिनींच्या स्वयंपाकघरात झाले. फरशी गाळातून शाबूत निघाली होती, पातेलं चिंचेने आणि राखेने घासून घेतलं होतं. दुकानदाराचे 25,000 आम्ही दिवाळीपर्यंत तीन हप्त्यांत फेडले. पावती घेतली, ती जपून ठेवली आहे.

तेव्हापासून रिकामं खोकं आमच्या दाराबाहेर जात नाही. घरच्या ग्राहकांनाही सांगतो, पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. कोको बटर लिहिलंय की हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट, तेवढं बघा.

2024 मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टकडचं पीक बसलं आणि जगात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा पुन्हा सगळे म्हणाले, थोडं कंपाउंड मिसळा. आम्ही कप लहान केला, भाव वाढवला, आणि दारावर तसं लिहून लावलं. 2025 च्या सप्टेंबरात चॉकलेटवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा जरा श्वास घेता आला.

त्याच वर्षी दिवाळीआधी त्या मिठाईच्या दुकानातून फोन आला. आता मुलगा बसतो गल्ल्यावर. 800 खोकी हवी होती, पूर्ण पैसे आगाऊ द्यायला तयार होता. मी फोनवर हात ठेवून हिच्याकडे बघितलं. ती पातेल्यात दुसरा घाणा ढवळत होती, मिनिट अजून पूर्ण व्हायचं होतं. तिने मान नाही म्हणून हलवली, आणि मी तसं कळवलं.