आधी डिकी मोजतो, मग वूफर निवडतो

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला आमचं दुकान सुरू झालं तेव्हा सीट कव्हर, सेंटर लॉक आणि कॅसेट डेक एवढंच काम होतं. डेक बसवला की काचा चढवून एक गाणं पूर्ण ऐकायचं, मगच गाडी सोडायची, ही पद्धत तेव्हापासूनची. पुढे सीडी आल्या, पेन ड्राइव्ह आले आणि गिऱ्हाईक ‘बेस पाहिजे’ म्हणत यायला लागलं.

तेव्हा बाजारात त्याला ठरलेलं उत्तर होतं. बेस ट्यूब, म्हणजे नळीच्या आकाराचा तयार डबा, नाहीतर बारा इंची वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, तयार डबा. पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्या अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट. अल्टो 800 ची डिकी 177 लिटरची. त्यात मोठा पोर्टेड, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी नळी असलेला, डबा ठेवला की जोतिबाला निघालेल्या माणसांच्या पिशव्या मांडीवर येतात. गाडी घरातल्या सगळ्यांची असते, हे आम्हाला पहिल्यापासून पटलेलं. म्हणून आम्ही डबे स्वतःच बनवायला घेतले आणि आज दुकान त्याच कामासाठी ओळखलं जातं.

वूफर कितीही भारी असला तरी त्याच्यामागे हवा किती कोंडली आहे, यावर बेस ठरतो. म्हणून वॅटच्या आकड्याआधी आम्ही वूफरसोबत येणारा कागद वाचतो. त्यावरचे एफएस (वूफर स्वतः कुठल्या सुराला घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं), व्हीएएस (त्याच्या लवचीकतेला जुळणारी हवा किती) हे आकडे थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात. ऑस्ट्रेलियात काम करताना नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ही पद्धत घडवली. डबा किती लिटरचा हवा, हे त्यावरूनच निघतं.

मोजताना लाकडाची जाडी विसरून चालत नाही. बाहेरून 40 बाय 35 बाय 30 सेंटिमीटरचा डबा 42 लिटरचा दिसतो. 18 मिलिमीटरचा बोर्ड वापरला की आत 30 लिटर उरतात. वूफरचा मॅग्नेट आणि बास्केट, म्हणजे त्याचा धातूचा सांगाडा, आणखी दोनेक लिटर खातात. राहिले 28 लिटर, म्हणजे साधारण एक घनफूट.

छोट्या गाडीसाठी आमचा कौल जवळजवळ नेहमीच सीलबंद डब्याला, आणि बारापेक्षा दहा इंची वूफरला. पोर्टेड डबा जास्त घुमतो हे खरं, पण त्याला जागा जास्त लागते आणि पोर्टच्या नळीची जागा वेगळी. शिवाय बंद काचांची छोटी केबिन स्वतःच खालचे सूर उचलून धरते. सीलबंद डब्याचा आवाज तिथे हळूहळू उतरत असतो, त्यामुळे दोघांची जोडी छान जमते. ढोलकीची थाप थापेसारखी ऐकू येते, नुसती धडधड होत नाही.

सीएनजी गाड्यांनी आमचं काम खरं बदललं. वॅगनआरची 341 लिटरची डिकी 60 लिटरच्या टाकीने व्यापून जाते. टाकीच्या बाजूला उरलेल्या फटीत फायबरग्लासचा साचा काढून डबा बसवता येतो. पण टाकीच्या ब्रॅकेटला आम्ही स्क्रू मारत नाही, व्हॉल्व्हसमोर काही आणत नाही, हवा जाण्याचा मार्ग झाकत नाही. टाकीची दर 3 वर्षांनी चाचणी करावी लागते, तेव्हा डबा सुटून बाहेर यायलाच हवा. टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझपासून डिकीच्या तळाखाली दोन छोट्या टाक्या द्यायला सुरुवात केली. डिकी मोकळी झाली, पण खाली भोक पाडायचं नाही आणि वरचा तळ उचलता आला पाहिजे. त्या गाड्यांना आम्ही बाजूच्या हुकांना पट्ट्याने बांधलेला हलका डबा देतो.

जागाच नसेल तर सीटखालचा आठ इंची अॅक्टिव्ह वूफर, म्हणजे अॅम्प्लिफायर आतच असलेला. छाती हादरवणारा बेस त्यात मिळत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. पण गाण्याचा पाया भरतो आणि डिकीला हात लागत नाही. स्टेपनी काढून त्या खड्ड्यात डबा बसवा म्हणणारेही येतात. ते काम आम्ही घेत नाही. रात्री आंबोली घाटात पंक्चर झालं तर वूफर कामाला येणार नाही.

गगनबावडा, राधानगरीकडच्या गाड्यांना एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव बोर्डाऐवजी मरीन प्लाय लावतो, कारण तिकडच्या पावसात ओल डिकीपर्यंत येते आणि ओलीने एमडीएफ फुगतो. वायरचा फ्यूज मात्र गाडी कुठलीही असो, बॅटरीजवळच.

सध्या आमचे मिस्त्री एर्टिगाच्या शेवटच्या सीटमागे उभा राहील असा चपटा डबा घडवत आहेत, सीट न दुमडता. तुम्हाला डबा करायचा असेल तर गाडी आणताना डिकी रिकामी करू नका. रोज जे सामान असतं ते तसंच राहू द्या. आम्ही माप त्याच्यासकट घेतो.